पॉवर सप्लाय कुठं बसवायचा?

लग्नाच्या मांडवात एक मामा असतोच. अंगानं थोराड, डोक्यानं तापट, सतत घसा खाकरणारा. त्याला कुठंही बसवा, तो कुणाची तरी वाट अडवतो. पण त्याच्याशिवाय कार्य होत नाही, कारण नवरीला मांडवात आणायचं त्यानंच. छोट्या कम्प्युटरच्या खोक्यातला पॉवर सप्लाय म्हणजे हा मामा. त्याला बसायला जागा शोधणं हा माझा जन्मभराचा धंदा होता.

लोक विचारायचे, "तुम्ही चेन्नईत काय करता?" मी म्हणायचो, "कम्प्युटरची खोकी." समोरच्याचा चेहरा पडायचा. माझे सासरे शेवटपर्यंत पाहुण्यांना "जावई कम्प्युटरमध्ये आहेत" एवढंच सांगत राहिले. ते खोटंही नव्हतं. माझं डोकं कायम कुठल्या तरी कम्प्युटरच्या आतच असायचं, आणि बाहेर काढताना कानाला पत्रा लागायचा.

धंद्याबाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. घरातली वीज कम्प्युटरला तशीच पचत नाही. ती उतरवून, गाळून द्यावी लागते, आणि ते काम करणारा लोखंडी ठोकळा म्हणजे पॉवर सप्लाय. तो तापतो, म्हणून त्याच्या पोटात पंखा असतो. त्याच्या पाठीतून वायरींचा झुपका निघतो, त्या झुपक्याला वळायला जागा लागते. मोठ्या कम्प्युटरमध्ये हे महाशय तळमजल्यावर ऐसपैस पडलेले असतात. पण आमची पेरुंगुडीतली कंपनी छोटी खोकी करायची, आणि तिचा हट्ट असा, की सगळा संसार बुटांच्या खोक्याएवढ्या जागेत मावला पाहिजे. मामाला वर बसवला तर तो प्रोसेसरचा वारा अडवतो. पुढं बसवला तर भिंतीकडून येणारी वायर खोक्याच्या पोटातून पुढपर्यंत न्यावी लागते. खाली बसवला तर टेबलावरची धूळ ओढतो. उभा केला तर शेजारच्या ग्राफिक्स कार्डाशी पटत नाही, दोघं एकमेकांना तापवत बसतात. यातली प्रत्येक जागा सर्वोत्तम आहे असं मी वेगवेगळ्या वर्षी, त्याच मीटिंगरूममध्ये, तितक्याच ठामपणे सांगितलेलं आहे.

वरची जागा सर्वोत्तम होती त्या वर्षीची गोष्ट. पॉवर सप्लाय वर, पंख्याचं तोंड झाकणाकडं, गरम हवा सरळ आकाशात. कागदावर झकास. मैलापूरच्या एका ऑडिटरसाहेबांनी ते खोकं घेतलं आणि काही दिवसांनी मला बोलावून घेतलं. मी तक्रार ऐकायच्या तयारीनं गेलो, तर साहेब खूश. खोक्याच्या जाळीवर त्यांचा कॉफीचा पेला ठेवलेला. "सार, कापी सूडाच राहते," ते म्हणाले, म्हणजे कॉफी गरमच राहते. फक्त झाकणाला कड नाही, पेला घसरतो, तेवढी कड करून द्या, एवढीच मागणी होती. चेन्नईत सपाट जागा रिकामी राहत नाही, हे मला इथं इतकी वर्षं राहून कळायला हवं होतं. मी हट्टाला पेटलो आणि पुढच्या खोक्याचं झाकण उतरतं केलं. पुढच्या गिऱ्हाइकानं पायाखाली दोन लाकडी चिपा घालून ते सपाट करून घेतलं आणि वर देवाचा फोटो ठेवला. देवाला उकडत असेल, पण ते काही बोलले नाहीत.

मग खालची जागा सर्वोत्तम झाली. ते खोकं चेन्नईजवळच्या कोवलमच्या एका मासळीच्या व्यापाऱ्यानं नेलं आणि बर्फाच्या पेटीच्या झाकणावर ठेवलं. खालून हवा ओढणाऱ्या खोक्यानं काय ओढलं असेल ते ओढलं. दुरुस्तीला आलं तेव्हा सगळा मजला घरी जेवायला गेला. मला घरीसुद्धा दारातूनच आंघोळीला पाठवलं.

या सगळ्यात एक सोपा उपाय होता, आणि त्याचा मला तिटकारा होता. पॉवर सप्लाय खोक्यात ठेवायचाच नाही. लॅपटॉपच्या चार्जरसारखा वेगळा ठोकळा वायरीला लटकवायचा. बरेच लोक तसं करतात. मी मीटिंगमध्ये त्याला "आतडी बाहेर काढून हातात देणं" म्हणायचो. खोकं म्हणजे ज्यात सगळं मावतं ते, असं माझं तत्त्वज्ञान होतं. तत्त्वज्ञानाला खर्च नसतो, त्यामुळं माझ्याकडं ते पुष्कळ होतं.

अशात एका सकाळी जानकीबाईंचा फोन आला. आमचं खोकं नुकतंच घेतलेल्या. त्या मैलापूरला मुलींना गाणं शिकवतात. सत्तरी ओलांडलेल्या. फोनवर मी माझ्या तमिळमध्ये बोलायला लागलो. माझं तमिळ ऐकून भाजीवालीसुद्धा इंग्रजीत भाव सांगते. बाईंनी दोन वाक्यं सोसली आणि विचारलं, "तुम्ही मराठे काय?"

मी म्हटलं, "हो. आपण?"

"आम्ही तंजावूरचे. घरांत अजून बोलतों." तंजावूरकडच्या जुन्या घराण्यांची मराठी मी आधी ऐकली होती. आपल्या पणजोबांनी लिहिलेलं कुणीतरी तमिळ हेल काढून वाचतंय असं वाटतं. "राव, तुमची पेटी गाते. गाते ती गाते, अपस्वर गाते. येऊन पाहा."

मी गेलो. एका बोळातली लहानशी खोली, चटई, चौरंगावर आमचं खोकं आणि त्याच्या शेजारी श्रुती-पेटी. श्रुती-पेटी म्हणजे तंबोऱ्याऐवजी सूर धरून ठेवणारं विजेचं यंत्र. बाईंनी ते लावलं आणि माझ्याकडं पाहिलं. मग आमचं खोकं चालू केलं आणि पुन्हा पाहिलं. मला पंखा फिरतो एवढंच ऐकू येत होतं.

"कोठले तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मूळचा मिरजेचा."

"तंबोऱ्यांचें मिरज? मग तुम्हांस सांगायास नको."

मी मान डोलावली. इथं खुलासा करतो. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच आमचं घर होतं. वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या मधून लपंडाव खेळत मी मोठा झालो. पण गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तर मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. हे त्या क्षणी बोललो असतो तर पुढचं सगळं सरळ झालं असतं. पण मिरजेचं नाव घेतल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर जो आदर आला, तो मला ऑफिसात कुणी कधी दाखवला नव्हता. म्हणून डोलावली.

त्यांनी सांगितलेलं मग मी घरी येऊन, फोनवर सूर मोजणारं अ‍ॅप उतरवून समजून घेतलं. इकडं सुराच्या उंचीला कट्टै म्हणतात. आपल्याकडं पांढरी चार, पांढरी पाच म्हणतो तसंच, आकडा मोठा तितका सूर चढा. बाईंची पाच कट्टै. वडिलांनी लहानपणी बांधून दिलेली, ती त्यांनी आजवर सोडली नव्हती. वय झालं की गाणारे पट्टी खाली आणतात, पण बाईंना तसं सुचवायची कुणाची टाप नव्हती. आणि आमच्या पॉवर सप्लायचा पंखा गुणगुणत होता चार कट्टैत.

"क्लासच्या मुली ऐकून न ऐकल्यासारखें करितात," बाई म्हणाल्या. "मज अक्काची काळजी."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, तंजावूरला मुलाकडं असते. दोघी बहिणींनी मिळून उभं आयुष्य देवळांत आणि लग्नांत पदं म्हटली. आता अक्काला काही आठवत नाही. मुलगा परका, सून परकी. जानकीबाई रोज दिवेलागणीला कम्प्युटरवर तिच्यासमोर बसतात, सूर लावतात आणि एखादं जुनं पद सुरू करतात. पहिली ओळ यांनी म्हटली की दुसरी तिकडून अक्का म्हणते, शब्द न चुकता. आणि गाणं चालू असेतोवर तिला समोरची बाई कोण ते कळतं. मध्येच "जानू" म्हणून हाक मारते.

"गाण्यांतच काय ती ओळखते. गाणें थांबलें कीं मी परकी," बाई सरळ स्वरात म्हणाल्या. "आणि ही नवी पेटी आल्यापासून ती स्वरास टिकत नाही. खाली घसरते. मी वर ओढतें, तिज राग येतो, तोंड मिटून बसते. तुमच्या पेटीचा हा सत्तम काढा, राव. एवढें करा."

सत्तम म्हणजे आवाज. एरवी हा आवाज पलीकडं गेलाही नसता, कारण असल्या कॉलमध्ये मागचा आवाज आपोआप गाळला जातो. पण श्रुती-पेटीचा सूर तंजावूरला पोचावा म्हणून भाच्यानं ती गाळणी बंद करून दिली होती. तिकडं अक्काला कमी ऐकू येतं म्हणून सुनेनं मोठा स्पीकर लावला होता. थोडक्यात, माझा पंखा सगळ्या सरंजामासह तंजावूरच्या ओसरीवर वाजत होता.

मी म्हटलं, "करतो." एवढं ठामपणे मी फक्त मीटिंगमध्ये बोलायचो, आणि तिथं काय व्हायचं ते वर सांगितलंच आहे.

आधी पॉवर सप्लाय उलटा केला, म्हणजे पंख्याचं तोंड जाळीपासून लांब. गुणगुण कमी झाली, पण शिट्टी आली. बाई म्हणाल्या, "आधीं एक होता, आता त्याची बायको पण आली." मग तो खाली नेला, तोंड चौरंगाकडं. चौरंग चांगला जुन्या फणसाचा, आत पोकळ. आवाज दुप्पट झाला. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. "मिरजेचे खरे," त्या म्हणाल्या. "तुम्ही यास भोपळा लावलात." त्या आठवड्यात अक्का आणखीच घसरली आणि दोघींचं चांगलं भांडण झालं. मग तो पुढं नेला, तर समोरचा पत्रा थरथरायला लागला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही दर खेपेला वेगळा मारुती.

त्यात चेन्नईचं ऊन. गरम झालं की पंखा जोरात फिरतो, आणि जोरात फिरला की त्याचा सूर चढतो. मला ऑफिसात फोन यायचे. "राव, आज पेटी सवाचार कट्टैत आहे. बाहेर ऊन फार काय?" खिडकीबाहेर पाहिलं की ऊन फारच असायचं. आमच्याकडं तापमान मोजायची महागडी यंत्रं होती, आणि मी जानकीबाईंच्या फोनवर विसंबायला लागलो होतो.

घरी सुनंदा, म्हणजे बायको, म्हणाली, "दुसरा कम्प्युटर घेऊन दे ना त्यांना. आवाज न करणारे मिळतात."

"मिळतात. पण हा मी केलेला आहे."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी अक्का दुसऱ्या ओळीपर्यंतसुद्धा येईनाशी झाली. बाई फोनवर तक्रारही करीनाशा झाल्या, आणि ते मला जास्त लागलं. मी गुपचूप लॅपटॉपसारखा बाहेरचा ठोकळा आणला. पंखा नसलेला, मुका. ज्याला जन्मभर नावं ठेवली तोच हातात धरून मैलापूरला निघालो. ऑफिसात कुणाला दिसू नये म्हणून कापडी पिशवीत घातला होता. खोक्यातला पॉवर सप्लाय काढला, त्याच्या जागी भोक उरलं, आणि खोकं गप्प झालं. बाईंनी कान लावला. मग दोन्ही हातांनी माझा हात धरला. "बेस केलेंत, राव. संध्याकाळीं थांबा. अक्काचें ऐकून जा."

थांबलो. माझं कौतुक ऐकायला मी कुठंही थांबतो.

दिवा लागला. श्रुती-पेटी पाच कट्टैत सुरू झाली. पडद्यावर अक्का आली, पांढरे केस, कपाळावर ठसठशीत कुंकू. बाईंनी पद सुरू केलं. इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की मलासुद्धा ते गाणं वाटलं. पहिली ओळ संपली. अक्का गप्प. बाईंनी पुन्हा म्हटली. अक्का इकडंतिकडं पाहायला लागली, काही हरवल्यासारखी.

"तंबोरा कोठें गेला?" ती म्हणाली.

"हा काय, अक्का." बाईंनी श्रुती-पेटीचा आवाज वाढवला.

"तो नव्हे. आपला." तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग फार सभ्यपणे म्हणाली, "बाई, तुम्ही कोण? तुमच्या घरचीं माणसें वाट पाहत असतील. जा तुम्ही." सुनेनं क्षमा मागितल्यासारखं केलं आणि पडदा काळा झाला.

जानकीबाई उठल्या आणि कॉफी करायला आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला नाही. मी चटईवर, मांडीवर जुना पॉवर सप्लाय घेऊन बसलो होतो. इतका शांत कम्प्युटर मी उभ्या आयुष्यात केला नव्हता, आणि त्या खोलीत बसवत नव्हतं. आपण कुठं हात घातला असं वाटलं. एका म्हाताऱ्या बाईचं उरलंसुरलं नातं मी चिमट्यानं उपटून काढलं होतं.

बऱ्याच वेळानं बाई कॉफी घेऊन आल्या, पण प्यायल्या नाहीत. "राव," त्या म्हणाल्या, "तो होता तसा पुनः बसवा. खालीं. भोपळा लावला होतात तेथें."

"पण सत्तम..."

"बसवा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी अवजारं घेऊन गेलो आणि पॉवर सप्लाय खाली, चौरंगाकडं तोंड करून बसवला. दिवेलागण झाली. गुणगुण सुरू झाली, चौरंगानं ती उचलली. बाईंनी सवयीनं श्रुती-पेटी लावली. पडद्यावर अक्का आली. मग बाईंनी हात लांब करून श्रुती-पेटी बंद केली.

खोलीत उरला फक्त माझा पंखा. बाईंनी डोळे मिटले, घसा साफ केला, आणि चार कट्टैत पद सुरू केलं. मला सुरातलं कळत नाही, पण आवाज हलला ते कळलं. साठ-पासष्ट वर्षं ज्या पायरीवर उभ्या होत्या ती सोडून त्या खाली उतरल्या होत्या.

पहिली ओळ पुरी व्हायच्या आधीच तिकडून दुसरी आली. मोकळ्या गळ्यानं, न अडखळता. मग तिसरी दोघींची मिळून. कडवं संपताना अक्का थांबली आणि रागावूनच बोलली, "काय गे जानू, इतके दिवस कोठें वर चढून बसली होतीस? खालून हांक मारून मारून थकलें मी."

जानकीबाईंनी पुढचं कडवं घेतलं. डोळ्यांतलं पाणी पुसायलासुद्धा थांबल्या नाहीत, कारण थांबल्या असत्या तर परक्या झाल्या असत्या.

नंतर त्यांनी मला सांगितलं ते इतकंच. अक्काचा गळा आता पाचला पोचत नव्हता. ती खाली घसरत नव्हती, आमच्या खोक्याचा सूर धरून बसत होती. बेसूर कोण गात होतं, हे बाईंनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती पेटी बेसूर आहे हे ठरवायला आम्ही दोघं होतो, एक पाच कट्टै सोडत नव्हती आणि एकाला कट्टै कळत नव्हती.

मग मी एक काम केलं, ज्याचा आराखडा ऑफिसात कुणाला दाखवण्यासारखा नव्हता. उन्हानं सूर चढू नये म्हणून खरा पॉवर सप्लाय बाहेरचा, मुकाच ठेवला. आणि आत, खालच्या जागी, जुन्या पॉवर सप्लायचं नुसतं रिकामं कवच बसवलं, त्यात त्याचाच पंखा, वेग बांधून टाकलेला. ऊन असो, पाऊस असो, बरोबर चार कट्टै. एका सहकाऱ्यानं ते पाहिलं आणि विचारलं, "हा पंखा काय थंड करतो?" मी म्हटलं, "काही नाही." त्यानं माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं. मी तेव्हा निवृत्तीला आलोच होतो.

पोंगलनंतर अक्काला मैलापूरला आणलं. जानकीबाईंचा फोन आला, "दर्शनास या." मी सुनंदाला घेऊन गेलो. अक्का चटईवर, भिंतीला टेकून बसली होती. जानकीबाई हातभर अंतरावर, आणि अक्काला त्या कोण ते माहीत नव्हतं. त्यांना ती "बाई" म्हणत होती. खोलीत कम्प्युटरचा पडदा दिसेना. तो बाईंनी काढून कपाटावर ठेवला होता. कीबोर्डही नव्हता. चौरंगावर नुसतं खोकं. आता समोरासमोर बसल्यावर पडदा कशाला हवा?

दिवा लागला. बाईंनी खोक्याचं बटण दाबलं. अक्कानं हात लांब करून त्याच्यावर तळवा ठेवला, चेहरा निवला, आणि तीच आधी म्हणाली, "जानू, घे."

दोघी गायल्या. सुनंदा रडत होती. मी खोक्याकडं पाहत होतो, कारण दुसरीकडं कुठं पाहावं कळेना.

पद संपल्यावर अक्काचं लक्ष माझ्याकडं गेलं. "हे कोण?"

"हे मिरजेचे राव," जानकीबाई म्हणाल्या. "आपला तंबोरा यांनीच केला."

अक्कानं मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग खोक्यावर हळूच थोपटलं.

"भोपळा बेस निवडलात," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मिरजेचा माणूस, नाही कसं म्हणणार?